परीक्षेबाहेरचें पुस्तक

वाचन चांगलें, याविषयीं कोणाचेंहि दुमत नसतें. स्थळें पाहतांना मुलाच्या वा मुलीच्या गुणांत ‘वाचनाची आवड’ आवर्जून सांगितली जाते. शाळांच्या भिंतींवर ग्रंथांची थोरवी रंगविलेली असते. महाराष्ट्रांत तर २०१५ सालापासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. इतकें सर्वमान्य असलेलें कर्तव्य प्रत्यक्षांत मात्र घरोघर मागें कां पडतें? विचार केला म्हणजे असें दिसतें, कीं ‘वाचन’ या एका शब्दांत आपण दोन निराळ्या गोष्टी घातल्या आहेत. एक वाचन परीक्षेसाठीं आणि दुसरें आयुष्यासाठीं. पहिल्याचा हिशेब दर आठवड्यास चांचणींत मिळतो. दुसऱ्याचा हिशेब कोणी मागतच नाहीं. आणि ज्याचा हिशेब कोणी मागत नाहीं, तें काम संसारांत नेहमीं उद्यांवर पडतें.

गेल्या महिन्यांत लातूर जिल्ह्यांतील एका एकत्र कुटुंबांतून आलेल्या पत्रानें हा प्रश्न फार स्पष्टपणें पुढें मांडला. घरांतील नातू वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठीं लातुरास खोली घेऊन राहिला आहे. आजोबांनीं फराळाच्या पिशवींतून त्याला रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ ही कादंबरी पाठविली. वडिलांनीं पुढच्या फेरींत ती परत आणली आणि ‘हीं दोन वर्षें तरी अवांतर कांहीं नको’ असें आजोबांस सांगितलें. घरांत भांडण असें झालें नाहीं. पण तेव्हांपासून बापलेक एकमेकांशीं बेतानेंच बोलतात, आणि पुस्तक फडताळांत जसेंच्या तसें पडून आहे. पत्र लिहिणाऱ्या सूनबाईंचा प्रश्न असा, कीं दोघेहि मुलाचें हितच पाहतात. मग बरोबर कोण?

आधीं वडिलांची बाजू पाहूं. अवांतर वाचनाचा कैवार घेणारे लोक ती बाजू पुष्कळदां हसण्यावारीं नेतात, आणि तें अन्यायाचें आहे. लातूरच्या राजर्षि शाहू महाविद्यालयाच्या नांवाशीं जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’ सर्वांस ऐकून ठाऊक आहे. जादा तास, पुन:पुन्हां घेतलेल्या चांचण्या, चुकांची तपासणी आणि पुन्हां सराव, असें त्याचें साधें स्वरूप होतें. त्यांत कोणती जादू नव्हती, कष्ट होते. गुणवत्ता यादींत पुण्या-मुंबईचीं नांवें वाचण्याची संवय झालेल्या मराठवाड्यास तेथें आपल्या मुलांचीं नांवें दिसूं लागलीं. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरांतील मुलें डॉक्टर झालीं. ज्या बापानें जमिनीचा तुकडा विकून किंवा भविष्यनिर्वाह निधींतून पैसे काढून मुलास लातुरास ठेविलें आहे, त्याला कादंबरीच्या पानापानांत वेळेचा व्यय दिसावा, यांत नवल तें काय?

शिवाय त्या परीक्षेचें स्वरूपच तसें आहे. २०२५ सालच्या ‘नीट’ परीक्षेंत १८० प्रश्न १८० मिनिटांत सोडवावयाचे होते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, एकूण गुण ७२०. म्हणजे प्रश्नामागें एक मिनिट. त्या मिनिटांत प्रश्न वाचावयाचा, चारांतून एक पर्याय निवडावयाचा आणि पुढें सरकावयाचें. ज्याचें मन एखाद्या वाक्यापाशीं घुटमळलें, तो मागें पडला. तेव्हां मुलानें वाचतांना कोठें थांबूं नये, असेंच शिक्षण त्याला दोन वर्षें द्यावें लागतें. आणि त्या परीक्षेपुरतें तें योग्यहि आहे.

परंतु संवय ही नोकरासारखी नसते, कीं काम संपतांच तिला रजा द्यावी. दोन वर्षें ज्यानें प्रत्येक वाक्याकडे ‘यांतून कोणता प्रश्न निघेल’ या एकाच दृष्टीनें पाहिलें, त्याला पुढें कोणत्याहि ग्रंथाकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहणें जड जातें. परीक्षेंत शंका आली म्हणजे गुण जातो. आयुष्याच्या वाचनांत शंका येणें हीच कमाई असते. परीक्षेंत उत्तर आधींच कोणीतरी ठरवून ठेविलेलें असतें. आयुष्यांत तें आपलें आपणांसच शोधावें लागतें. पहिली संवय अंगीं बाणली आणि दुसरीचा मागमूसहि नसला, म्हणजे मनुष्य पदवीधर होतो, नोकरीस लागतो आणि त्या दिवसापासून पुस्तक मिटतो. असे सुशिक्षित गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या नात्यांत दोन-चार तरी आहेत. त्यांचें वाचन वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर आणि मोबाइलवर येणाऱ्या संदेशांवर येऊन थांबलेलें असतें, आणि त्यांचीं मतें कॉलेजांतून बाहेर पडतांना जीं होतीं, तींच आजहि असतात.

या प्रश्नाचें दुसरें अंग पहावयाचें तर लातुराहून शेजारच्या नांदेडास जावें लागेल. कारण ज्यानें पाठ्यपुस्तक बाजूस सारून अवांतरच वाचलें आणि त्याची किंमतहि मोजली, असा एक शिक्षक तेथें होऊन गेला.

नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजीं झाला; त्यांचें मूळ गांव कुरुंदा. हें गांव तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्यांत मोडतें. तो काळ निजामी राजवटीचा. हैदराबाद संस्थानांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू; १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच. मराठी ही मुख्यत: घराची, कीर्तनाची आणि पोथीची भाषा होती. अशा प्रदेशांतला हा मुलगा शिक्षणासाठीं हैदराबादेस गेला आणि तेथें आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या सहवासांत वाचूं लागला. नांदापूरकर हे मराठीचे गाढे अभ्यासक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक विचार करणारा त्यांचा ग्रंथ जाणत्यांस परिचित आहे. त्या घरांत मुलाचें वाचन इतकें वाढलें, कीं नेमलेलीं पुस्तकें मागें राहिलीं. इंटरच्या परीक्षेंत ते एकाहून अधिक वेळां नापास झाले.

ज्या घरांत शिक्षण हीच इस्टेट, त्या घरांत नापास मुलगा म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं. पुढें कुरुंदकर नांदेडास प्रतिभा निकेतन या शाळेंत शिक्षक झाले. शिकवितां शिकवितां त्यांनीं राहिलेल्या पदव्या मिळविल्या, आणि मग ते पीपल्स कॉलेजांत मराठीचे प्राध्यापक व अखेर प्राचार्य झाले. हें कॉलेजहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानांतील निजामी अंमल संपला आणि जेमतेम दोन वर्षांनीं, १९५० सालीं, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें तें नांदेडास सुरू झालें. स्वामीजी स्वत: मूळचे शिक्षकच. कुरुंदकरांचें निधन १० फेब्रुवारी १९८२ रोजीं झालें, तेव्हां त्यांचें वय अवघें ४९ वर्षांचें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. नापास होण्यानें कोणी विद्वान होत नाहीं. कुरुंदकरांचें उदाहरण देऊन जो मुलगा अभ्यासास फांटा देईल, त्यानें हेंहि ध्यानांत घ्यावें, कीं पदवी मिळाल्यावांचून कॉलेजचें दार त्यांनाहि उघडलें नाहीं. आणि ती पदवी त्यांना नोकरीचा भार वाहत मिळवावी लागली. परीक्षेचा मार्ग चुकविण्यांत त्यांचा मोठेपणा नाहीं. परीक्षेनें ‘नाहीं’ म्हटल्यावरहि त्यांच्यापाशीं कांहीं शिल्लक उरलें होतें, हा त्यांच्या चरित्राचा खरा बोध आहे. निकालाच्या दिवशीं ज्याच्यापाशीं गुणांखेरीज दुसरें कांहीं नसतें, तो गुण गेले कीं रिता होतो. २०२५ सालीं ‘नीट’ला वीस लाखांहून अधिक मुलें बसलीं; जागा त्या मानानें फारच थोड्या. म्हणजे बहुसंख्य मुलांना ‘नाहीं’ हा शब्द ऐकावाच लागणार. तो ऐकल्यावर जिचा आधार घेऊन उभें राहतां येईल, अशी एखादी आंतली वस्तु आपण मुलांस देतों काय? सूनबाईंच्या पत्रांतील खरा प्रश्न मला हा वाटतो.

आतां या वाचनानें त्या शिक्षकास काय दिलें, तें पहा. भरताचें नाट्यशास्त्र, मराठी कादंबरी, शिवचरित्र, धर्मनिरपेक्षता, मनुस्मृति, इतक्या निरनिराळ्या विषयांवर त्यांनीं लिहिलें आणि गांवोगांव व्याख्यानें दिलीं. त्यांतील मनुस्मृतीचें उदाहरण आपल्यासारख्या घरांनीं विशेष विचारांत घ्यावें. आपल्या समाजांत कित्येकांनीं तो ग्रंथ न वाचतांच पूज्य मानला आणि दुसऱ्या कित्येकांनीं न वाचतांच निंद्य मानला. कुरुंदकर जन्मानें ब्राह्मण. त्यांनीं तो ग्रंथ बारकाईनें वाचला, त्याच्या समर्थकांचे युक्तिवाद नीट ऐकून घेतले, आणि मग त्यांतील विषमतेचें समर्थन करतां येत नाहीं असें स्पष्ट सांगितलें. ज्या परंपरेंत आपण वाढलों, तिचाच ग्रंथ उघडून तिच्याविरुद्ध साक्ष देणें सोपें नसतें. आणि ज्यांना आधींपासूनच आपल्या मताची खात्री आहे, त्यांच्याकडून तें होतहि नाहीं. ज्याला वाचतांना आपलें मत बदलूं देण्याची संवय आहे, त्यालाच तें साधतें.

आणि ती ‘श्रीमान योगी’! आजोबांनीं पाठविलेल्या आणि वडिलांनीं परत आणलेल्या त्या कादंबरीचीं पहिलीं पानें उघडलीं, तर तेथें प्रस्तावना दिसेल. ती याच कुरुंदकरांची आहे. शिवचरित्राचा विचार कसा करावा, याविषयीं त्यांनीं लेखकास लिहिलेलें दीर्घ पत्रच प्रस्तावना म्हणून छापलें आहे. पुण्या-मुंबईच्या विद्वन्मंडळापासून दूर, गोदाकांठच्या एका गांवीं बसलेल्या शिक्षकाचा शब्द इतक्या मोलाचा ठरला, तो त्याच्या गुणपत्रिकेमुळें खास नव्हे.

वाचकहो, मीं स्वत: पुष्कळ वर्षें शिकविण्याचें काम केलें आहे, म्हणून या धंद्यांतला एक धोका सांगतों. शिक्षकाचे धडे तेच असतात आणि विद्यार्थी दरवर्षीं नवे येतात. ऐकणारा नवा असल्यामुळें आपण शिळे झालों आहों, हें सांगणाऱ्याच्या लक्षांतच येत नाहीं. तोच विनोद, तोच दाखला, तीच टिपणें. आणि मुलें हसतात, कारण त्यांनीं तो विनोद पहिल्यानेंच ऐकलेला असतो. वकील, डॉक्टर, कारकून, गृहिणी, कोणाचीहि स्थिति याहून फारशी निराळी नसते. चाळिशी ओलांडली, कीं आपण आपल्या जुन्या भांडवलाच्या व्याजावर जगूं लागतों. जो शिक्षक वर्षांतून चार तरी अशीं पुस्तकें वाचतो, ज्यांचा त्याच्या विषयाशीं कांहींएक संबंध नाहीं, त्याचा तोच धडा निराळा होतो. हा अनुभव मीं घेतला आहे आणि सहकाऱ्यांतहि पाहिला आहे. शिवाजीविषयीं वाचलेलें व्याकरणाच्या तासास कामीं येतें, आणि शेतीविषयीं वाचलेलें कवितेच्या तासास. कसें, तें सांगतां येणार नाहीं. पण मुलांच्या डोळ्यांत तें लगेच दिसतें.

आपल्याकडे पुनर्नवा नांवाची एक वनस्पति आहे. खेड्यांत तिला घेटुळी म्हणतात. उन्हाळ्यांत ती वरून वाळून जाते आणि पाऊस पडला म्हणजे त्याच मुळांतून पुन्हां फुटते. मराठवाड्याच्या उन्हाळ्याशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांना या नांवाचें मर्म सांगावयास नको. मनुष्याचेंहि असेंच आहे. वरचीं पानें वाळण्याचा काळ प्रत्येकास येतो. मूळ जिवंत असलें म्हणजे झालें. आणि वाचनाच्या बाबतींत मूळ म्हणजे संवय.

ही संवय लागते कशी? उपदेशानें लागत नाहीं, हें प्रत्येक आईबापास अनुभवानें ठाऊक आहे. आपल्या घरांत ती एके काळीं होती, आणि तिची घडण पाहण्यासारखी आहे. चातुर्मासांत दुपारची निजानीज झाली, म्हणजे माजघरांत पोथी सुटे. श्रीधराचा ‘हरिविजय’ असो वा ‘पांडवप्रताप’ असो, वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि ऐकावयास चारजणी बसलेल्या. ज्यांना अक्षर येत नसे त्याहि त्या वाचनांत सामील असत. समर्थ रामदासांनीं, ज्यांचें जन्मगांव जांब हेंहि मराठवाड्यांतलेंच, खंड पडूं न देतां वाचीत जाण्याचा उपदेश केला, तो अशा घरांनीं नेमधर्म म्हणून पाळला. ज्या काळांत शाळेची भाषा निराळी होती, त्या काळांत मराठीचें मूळ या माजघरांनीं जिवंत राखलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या वाचनांत एक उणें होतें. पोथीला प्रश्न विचारण्याची चाल नव्हती. अध्याय संपला कीं आरती. ‘हें असें कां?’ असें विचारणाऱ्या पोरास गप्प बसविण्यांत येई. म्हणून मला असें वाटतें, कीं आपणांस दोन गोष्टींची सांगड घातली पाहिजे. नेम त्या माजघराचा घ्यावा आणि शंका घेण्याची मोकळीक नांदेडच्या त्या शिक्षकाची घ्यावी. नेमावांचून शंका ही नुसती वटवट होते, आणि शंकेवांचून नेम हा नुसता परिपाठ होतो.

आतां सूनबाईंस उत्तर. वेळेच्या बाबतींत मुलाचे वडील बरोबर आहेत. जाड कादंबरी घेऊन बसण्याचा हा मुलाचा काळ नव्हे. ती त्यास परीक्षा झाल्यावर द्यावी, आणि निकाल कांहींहि लागो, द्यावीच. गरजेच्या बाबतींत आजोबा बरोबर आहेत. मुलानें रात्रीं निजण्यापूर्वीं मोबाइल दूर ठेवून वीस मिनिटें एखादें लहानसें पुस्तक वाचावें: चरित्र, प्रवासवर्णन, चार पानांची गोष्ट, कांहींहि. त्यावर घरच्यांनीं ‘काय शिकलास?’ असें विचारूं नये. तो प्रश्न विचारला, कीं त्या पुस्तकाचीहि परीक्षा झाली. मुलगा आपण होऊन बोलला तर ऐकावें, आणि त्याचें मत आपल्या मताविरुद्ध गेलें तर मध्येंच तोडूं नये.

एक गोष्ट मात्र दोघांसहि सांगणें आहे. एकानें पुस्तक पाठविलें, दुसऱ्यानें परत आणलें. पण दोघांपैकीं कोणीहि तें मुलाच्या देखत उघडून बसल्याचा उल्लेख पत्रांत नाहीं. वडिलांनीं आतां तें स्वत: वाचावयास घ्यावें, आणि प्रस्तावनेपासून घ्यावें. जेवणें झाल्यावर आजोबांस दहा पानें मोठ्यानें वाचून दाखवावीं. वृद्धांच्या डोळ्यांस तेवढीच विश्रांति. दिवाळीस मुलगा घरीं येईल, तेव्हां त्याला या दोघांचा कोठल्या तरी प्रसंगावर वाद चाललेला ऐकूं येऊं द्या. बापलेकांचें बेताचें बोलणें त्यानें सुटेल कीं नाहीं, हें मी खात्रीनें सांगूं शकत नाहीं. पण बोलावयास विषय तरी मिळेल.

पुस्तकें आणावींत कोठून, असा प्रश्न करणाऱ्यांसाठीं एक सूचना. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि तालुक्यांच्या गांवांतूनच नव्हे तर पुष्कळ लहान गांवांतूनहि शासनमान्य वाचनालयें आहेत. त्यांतील कित्येकांत आतां अभ्यासिका निघाल्या आहेत. मुलें आपापलीं टिपणें घेऊन येतात, दिवसभर बसतात आणि जातात. भिंतीकडेचीं कपाटें बंदच राहतात. वर्गणी भरून त्या कपाटाची किल्ली मागणारें एक जरी घर गल्लींत निघालें, तरी ग्रंथपालास हुरूप येतो. नवीं पुस्तकें मागणाऱ्यासाठींच मागविलीं जातात.

शेवटीं नांदेडचीच एक गोष्ट. १७०८ सालीं गोदावरीच्या कांठीं देह ठेवण्यापूर्वीं गुरु गोविंदसिंग यांनीं आपल्यामागें कोणा मनुष्यास गुरु न नेमतां ग्रंथासच गुरु मानावयास सांगितलें. त्या ग्रंथांत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. आणि परंपरा ज्या नरसीस नामदेवांचें जन्मस्थान मानते, ती कुरुंद्याच्याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. एका मराठी संताचे शब्द पंजाबांत जाऊन, शतकांनंतर गुरुरूपानें पुन्हां गोदाकांठीं आले. माणसें जितकीं टिकतात त्याहून शब्द टिकतात, याचा याहून जवळचा पुरावा मराठवाड्यांतील घरांस कोणता द्यावा? हा गुरु शिकवणीचें शुल्क घेत नाहीं, प्रश्नपत्रिका काढीत नाहीं आणि विद्यार्थ्याचें वय विचारीत नाहीं. सत्तराव्या वर्षीं त्याच्यापुढें बसणारासहि तो पहिल्या धड्यापासून शिकवितो. घरांतल्या मोठ्यांनीं रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास त्याच्यापुढें बसावें. मुलांना बोलावण्याची गरज नाहीं. तीं पाहत असतात.